काळ्या अक्रोडाची दहा बोटं

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे उगाच कुणी रत्नपाल गुरुजींवर अन्याय करायला नको. डब्यावरचा मजकूर गुरुजींनी वाचला होता. भिंग घेऊन, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता, आणि अडला तो शब्द मोबाइलमध्ये शोधला होता. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस न वाचता कशाला हात लावील?

डबा आणला साहिलने. साहिल म्हणजे कुंपणापलीकडच्या चंद्राबाईंचा मुलगा, मोठ्या बोटीवर नोकरीला असतो. नऊ महिन्यांनी घरी यायला मांडव्याला उतरला तो दोन बॅगा भरून अमेरिका घेऊनच. आईला अत्तर, बहिणीला पर्स, आणि दहावीला विज्ञानात कसाबसा पस्तिसावर ढकलला त्याची आठवण म्हणून गुरुजींना एक डबा. आत गडद तपकिरी पावडर.

"गुरुजी, काळा अक्रोड. फळाच्या वरच्या सालीची पावडर हाय. तिकडची लोकं जंतावर घेतात, नायट्याला लावतात, चिखल्यांना लावतात. आमचा कुक तर दातांना पण लावायचा."

"मग दात कसे आहेत त्याचे?"

"ते मी न्हाय बघितले," साहिल प्रामाणिकपणे म्हणाला.

आता योग असा, की नेमक्या त्याच आठवड्यात नलूताईंच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. नलूताई म्हणजे गुरुजींची बायको, आणि यंदा ग्रामपंचायतीला वॉर्ड तीनमधून उभी राहिलेली उमेदवार. निशाणी शिट्टी. खाडीच्या बाजूची घरं, भाताची खाचरं, बांधावरचा चिखल, असं दिवसभर ओल्या चपलांनी फिरून बाईंच्या पायाच्या बोटांची बेचकी कुजल्यासारखी पांढरी पडली होती. खाज तर अशी, की कुणाच्या ओटीवर बसून विकासाबद्दल बोलता बोलता एक पाय दुसऱ्या पायावर आपोआप जायचा.

या निवडणुकीला गुरुजींच्या घरात एक जुना इतिहास होता. मोठा नाही, एका वाक्याचा. वीस वर्षांपूर्वी वॉर्ड पहिल्यांदा बायकांसाठी राखीव झाला, तेव्हा वाडीतल्या बायका घरी आल्या होत्या. "नलूला उभी करा, गुरुजी." गुरुजी आतल्या खोलीत पेपर तपासत होते. ते बाहेरसुद्धा आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "तिला त्यातलं काय कळतंय?" नलूताईंनी बायकांना चहा दिला, कपबशा विसळल्या, आणि विषय संपला. त्या कधी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कधीच काही बोलल्या नाहीत, आणि ते वाक्य वीस वर्षं गुरुजींच्याच घशात अडकून राहिलं.

यंदा अर्ज भरून आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "गाव काय करायचं ते करील. तुमचं एक मत तेवढं मला पायजे."

"अगं, ते काय सांगायला हवं?" गुरुजी म्हणाले, आणि उगाच चष्मा पुसत बसले.

तर चिखल्या. चंद्राबाईंचं म्हणणं पडलं की टाकळ्याचा पाला वाटून लावावा, तो पावसात उगवतो आणि आता मिळत नाही, पण लावावा तोच. काळा अक्रोड चालेल, पण मग पोटातपण घ्यावा. "आतून जंत मरतील, भायेरून चिकल्या. एका दगडात दोन."

"पोटात अजिबात नाही," गुरुजींनी भिंग उचललं. "यात टॅनिन असतं. ते पोटात गेलं की दुसऱ्या गोळ्या अंगी लागत नाहीत. हिची रक्तदाबाची गोळी चालू आहे. नलू, तुला अक्रोडाची ॲलर्जी आहे का?"

"आयुष्यात चार वेळा खाल्लाय अक्रोड. त्यातले दोन खवट होते. मला कसं कळणार?"

"गरोदर बायकांनी वापरू नये."

"तेवढं एक बरं झालं," अठ्ठावन्न वर्षांच्या नलूताई म्हणाल्या.

शेवटची ओळ होती: कातडीला व कपड्यांना डाग पडू शकतो. ती वाचून गुरुजी हसले. "डाग हळदीचापण पडतो. दोन दिवसांत जातो." तरी शास्त्र म्हणजे शास्त्र. खोबरेल तेलात चिमूटभर पावडर कालवून त्यांनी आधी स्वतःच्या कोपरावर लावली आणि चोवीस तास वाट पाहिली. खाज नाही, पुरळ नाही, फक्त एक तपकिरी ठिपका. वहीत त्यांनी नोंद केली: औषधाचा परिणाम दिसू लागला.

मेडिकलवाल्या हेतलबेननी मात्र सरळ सांगितलं होतं. "गुरुजी, छोडो ने ए पावडर. डॉक्टरला पाय दाखवा, ट्यूब लिहून देतील, पंधरा दिवसांत साफ." पण ट्यूब काय, कुणीही लावतं. गुरुजींना बायकोसाठी काहीतरी स्वतः शोधून करायचं होतं. हे त्यांनी हेतलबेनना सांगितलं नाही, स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

आता लावायचं कुणी? नलूताईंचे गुडघे गेलेले, वाकून पायाच्या बोटांपर्यंत हात पोचत नाही. पहिल्या संध्याकाळी त्या खुर्चीत बसल्या, गुरुजींनी कोमट पाण्याची परात पुढे सरकवली, आणि दोघंही परातीकडेच बघत राहिले. सदतीस वर्षांच्या संसारात असा प्रसंग आला नव्हता. गुरुजी उठले, पुढच्या दाराला कडी घातली, खिडकी लावली, परत येऊन खाली बसले.

"अहो, राहू दे. कोणी बघितलं तर काय म्हणेल?"

"म्हणूनच कडी घातली."

मग त्यांनी बायकोचे पाय धुतले. एकेक बोट पुसलं, बेचकी कोरडी केली. डाव्या हाताने टाच धरून उजव्याने औषध लावायचं, मग हात बदलायचा. कापसाने नीट लागत नव्हतं, म्हणून बोटांनीच लावलं. नलूताईंना आधी गुदगुल्या झाल्या, मग हसू आलं, मग त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या पायांना एवढ्या भेगा आहेत हे गुरुजींना त्या दिवशी कळलं आणि त्यांना वाईट वाटलं. सदतीस वर्षं त्याच घरात राहून त्यांनी त्या पायांकडे बघितलंच नव्हतं.

अशा अकरा संध्याकाळी गेल्या. चिखल्या होत्या तिथेच होत्या. नलूताईंचे पाय घोट्यापर्यंत काळे झाले, आणि गुरुजींची दहाच्या दहा बोटं नखांसकट अशी काळी पडली की जणू त्यांनी रात्रपाळीला कुणाचा ट्रकच दुरुस्त केला असावा.

नलूताईंनी चपलेत मोजे घालायला सुरुवात केली. गुरुजींचं काय? लिंबू झालं, चिंच झाली, रॉकेल झालं. चंद्राबाईंच्या सांगण्यावरून काथ्या आणि राख झाली, त्यात कातडी सोलली पण काळेपणा ढळला नाही. तोवर प्रचार ऐन रंगात आलेला. उमेदवाराच्या नवऱ्याने दारोदार हात जोडायला हवेत, आणि हे खिशात हात घालून उभे. दोन दिवसांत गावात झालं, "गुरुजींना मस्ती आली. साधा जय भीम घालत न्हाईत." मग गुरुजींनी स्काउटच्या पेटीतले पांढरे हातमोजे काढले. ऑक्टोबरचा घाम निथळतोय आणि हे हातमोजे घालून मतं मागतायत. एका घरी पोह्यांची बशी आली, ती त्यांनी हातमोज्यांनीच धरली. त्या घरातली म्हातारी म्हणाली, "आमच्या हातचं लागाया नको व्हय तुम्हाला?" ज्या माणसाने जन्मभर हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारला, त्याला तो विचारला गेला. त्यांनी हातमोजे काढून पोहे खाल्ले आणि सांगितलं की शाईची दौत सांडली. म्हातारीने विश्वास ठेवला, पण गुरुजी दोन दिवस स्वतःवर चिडून होते.

खरं सांगून टाकायला काय झालं होतं? तर विरोधी पार्टीचा सगळा प्रचार एकाच वाक्यावर चालला होता: बाई नावाला, कारभार गुरुजीच बघणार. "आणि आता नवरा बायकोचे पाय चेपतो म्हणून कळलं," नलूताई म्हणाल्या, "तर निवडणूक राहील बाजूला, लोक शिट्ट्या मारतील. कोणाला सांगू नका. शपथ हाय माझी."

मतदानाला तीन दिवस उरले आणि गुरुजी चहा पिता पिता ताडकन उठले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी नऊ निवडणुकांना केंद्राध्यक्ष म्हणून काम केलेलं. नियम तोंडपाठ. मतदाराच्या डाव्या हाताची तर्जनी तपासावी. तिच्यावर आधीच खूण असेल, तर मतदान करू देऊ नये.

"नलू," ते कप ठेवत म्हणाले, "मला मत देता येणार नाही."

नलूताईंनी त्यांच्या बोटांकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. वीस वर्षांपूर्वीही अशाच काही बोलल्या नव्हत्या.

ते तडक तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या क्लार्कने अर्ज दोनदा वाचला. "बोट नसलं तर काय करायचं ते आमच्याकडे आहे. डाव्या हाताची सगळी बोटं नसली तर उजव्या हाताचं. दोन्ही हात नसले तरी आहे. पण तुमची सगळी बोटं आहेत."

"आहेत. पण काळी आहेत."

"काळ्याला रकाना नाही. वैद्यकीय दाखला आणा, मी अर्जाला लावून ठेवतो."

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी बोटं उलटसुलट बघितली. "हे पोटात नाही ना घेतलं?"

"नाही. टॅनिन."

"वा. मग एवढं वाचलंत तर हेही वाचायचं. बुरशीवर चालतं म्हणतात ते प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या बुरशीवर. माणसांच्या पायावर कुणी धड तपासलेलं नाही. उकललेल्या कातडीवर तर लावूच नका, आग होईल. पण तुमच्या बोटांना तर बुरशी दिसत नाहीये. लावलं कुणाला?"

गुरुजींना शपथ आठवली. "कालवताना लागलं," ते म्हणाले. डॉक्टरीण बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि दाखल्यावर लिहिलं: वनस्पतिजन्य औषध कालवताना बोटांना रंग लागला आहे. महिनाभरात जाईल. शिवाय कागदाच्या मागे एका ट्यूबचं नाव लिहिलं. "ज्यांचे पाय आहेत त्यांना घेऊन या," असंही म्हणाल्या.

मतदानाच्या दिवशी सकाळी शाळेच्या नववीच्या वर्गात रांग लागली. केंद्राध्यक्ष म्हसळ्याकडच्या एका शाळेतल्या मृणाली मॅडम, वयाने तिशीच्या, कामाला कडक. विरोधी उमेदवाराचा एजंट म्हणून बाकावर दिपेश बसलेला. दिपेशचे आता चार ट्रक आहेत, पण बाक तोच होता ज्यावर गुरुजींनी त्याला उभा केला होता.

"डावा हात," मतदान अधिकारी म्हणाला. तर्जनी बघितली. मग मधलं बोट बघितलं. मग करंगळी. मग उजवा हात मागितला, आणि मग खुर्ची मागे सारून मॅडमना हाक मारली.

"हरकत आहे, मॅडम," दिपेश उठला. "बोटाला खोबरेलाचा वासपण येतोय. शाई टिकू नये म्हणून लोकं तेल लावतात, नियमात आहे."

"दिपेश, तू मला ओळखतोस," गुरुजी म्हणाले.

"ओळखतो म्हणूनच, गुरुजी. माणूस कितीपण मोठा असू दे, पुराव्याशिवाय मानायचं न्हाय. तुम्हीच शिकवलंय. त्यावर छडी पडलीय मला."

गुरुजींनी दाखला काढला. मॅडमनी तो मोठ्याने वाचला. दिपेशने विचारलं, "कालवायला चमचा नव्हता? आणि दहाच्या दहा बोटांनी कोण कालवतं? कोणाचं एवढं औषध?"

खिडकीच्या गजांना बायकांची रांग चिकटली होती, त्यात चंद्राबाई सगळ्यांत पुढे. काय गडबड झाली म्हणून उमेदवार नलूताईही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी गुरुजींकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. सांगू नका.

गुरुजींना दिसलं. त्यांना हेही दिसलं की आज ते गप्प राहिले तर पुन्हा एकदा ते आत बसणार आणि बाई बाहेर एकटी उभी राहणार. शपथ मोडायची तर मोडू दे. शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज लावून ते म्हणाले,

"माझ्या बायकोच्या पायांना चिखल्या झाल्यात. मतं मागत चिखलातून फिरून झाल्यात. तिला वाकता येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी तिचे पाय धुतो, पुसतो आणि बोटांच्या बेचक्यात औषध लावतो. अकरा दिवस लावलं. दोन्ही हातांनी लावलं. दाराला कडी घालून लावलं, त्याची मला आता लाज वाटते."

चंद्राबाईंनी खिडकीच्या गजांमधून नाक आत घातलं.

"मॅडम, हा प्रचार आहे!" दिपेश ओरडला.

"तुम्हीच विचारलंत," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा बदलला होता. "पण गुरुजी, नुसत्या तोंडी सांगण्यावर मला नोंद करता येणार नाही."

तेव्हा नलूताई पुढे आल्या. बाकावर बसल्या, चपला बाजूला केल्या आणि एकेक मोजा ओढून काढला. पाय घोट्यापर्यंत काळे होते. आणि टाचेच्या वर, जिथे रोज पाय धरला जायचा तिथे, चार बोटं आणि एक अंगठा असा स्पष्ट काळा ठसा उमटलेला होता. दोन्ही पायांवर.

"हात लावून दाखवा," मॅडम हळूच म्हणाल्या.

गुरुजी खाली बसले. गुडघे कटकन वाजले. सगळ्या गावादेखत त्यांनी बायकोची टाच हातात घेतली, रोज घ्यायचे तशीच, आणि बोटं ठशांवर बरोब्बर बसली. नलूताईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय करत होत्या ते कुणालाच नीट दिसलं नाही.

दिपेश वाकून बघत होता. बराच वेळ बघून तो सरळ झाला. "जुळतंय, गुरुजी," तो म्हणाला. "माझी हरकत न्हाय."

मॅडमनी डायरीत नोंद केली. अधिकाऱ्याने काळ्या नखावर शाई लावली, ती कुणालाच दिसली नाही, पण नियम म्हणून लावली. गुरुजी आडोशामागे गेले. मशीनचा लांबलचक आवाज झाला आणि बाहेर चंद्राबाई कपाळाला हात लावून कुणाला तरी सांगत होत्या, "माज्या पायात काटा मोडला तर आमचा म्हातारा इचारायचा, चप्पल कुठं ठेवलीवतीस? आनि आपन समजत व्हतो की कारभार गुरुजी बघनार!"

नलूताई एक्केचाळीस मतांनी निवडून आल्या. आठवडाभर वाडीतले बाप्ये गुरुजींशी धड बोलत नव्हते, कारण घरोघरी संध्याकाळी बायका खुर्चीत बसून पाय पुढे करू लागल्या होत्या. दिपेशने तर रस्त्यात ट्रक थांबवून विचारलं, "गुरुजी, कोमट पाणी की गरम?"

डॉक्टरीण बाईंची ट्यूब आणली. काळ्या अक्रोडाचा डबा गुरुजींनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला, वर कागद चिकटवून: लावू नये, पिऊ नये, टाकू नये. पहिल्या संध्याकाळी नलूताई पंचायतीतून दमून आल्या आणि खुर्चीत बसल्या. परात आली, पाय धुऊन झाले. गुरुजींनी ट्यूब पिळली. पांढरंशुभ्र मलम.

"याचा डाग पडत नाही," ते म्हणाले.

"व्हय ना." नलूताईंनी त्यांच्या हातांकडे बघितलं. बोटांचा काळेपणा आता फिका पडत चालला होता. "आता कोणाला कळणारपण न्हाय."

गुरुजींनी ट्यूबचं झाकण लावून ती खाली ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, पुढच्या दारापाशी गेले, सवयीने घातलेली कडी काढली आणि दार सताड उघडून परत येऊन खाली बसले.